स्पीकर जोडल्याशिवाय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १८ नोव्हेंबर २०२५

चि. मंजुनाथ यास शिवलीलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रेंज नाही म्हणून सुटतोस. कागदावर सुटता येत नाही, म्हणून पत्र. कारखान्याच्या कॉलनीतल्या कार्यक्रमात श्रीदेवी गिटार वाजवणार म्हणून तू माझा अँप्लिफायर पंधरा दिवसांसाठी नेलास. आज महिना झाला. लेकीनं कसं वाजवलं हेसुद्धा कळवलं नाहीस. भाची माझ्याकडे शिकली आहे, मला विचारायचा हक्क आहे.

२१ डिसेंबरला आमच्या कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे. मी वाजवणार आहे. अडुसष्टाव्या वर्षी डाव्या हाताची बोटं सकाळी मिटत नाहीत. पुढच्या मेळाव्यापर्यंत ती साथ देतील असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. तेव्हा हे शेवटचं वाजवणं, आणि ते माझ्याच अँपवर होणार. दुकानातले हलके डबे मला दाखवू नकोस. हा जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप चोवीस वर्षं माझ्याकडे आहे. मेळाव्यांतली नाताळची कॅरल्स, आमच्या टेलिफोन ऑफिसच्या गॅदरिंगमधली सिनेमाची गाणी, गल्लीतल्या बसम्माच्या भजनी मंडळाचा माइक, सगळं त्यानं ओढलं. एका बटणावर घंटेसारखा स्वच्छ, दुसऱ्यावर घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखा. दोनदा व्हॉल्व्ह बदलले, एवढाच त्याचा त्रास. असं मला फार थोड्या माणसांबद्दल म्हणता येईल.

रविवारपर्यंत आणून दे. लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हातात आहे.

शिवलीला


श्रीपूर, २२ नोव्हेंबर

ती. अक्कास मंजूचे शरणु शरणार्थी, वि. वि.

पत्र पावलं. तुझा राग रास्त आहे. गळीत हंगाम सुरू झालाय, इलेक्ट्रिक विभागात आम्ही तिघंच, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत. त्यातच श्रीदेवीचं वाजवणं राहून गेलं. अँप अगदी व्यवस्थित आहे, गादीच्या खोळीत गुंडाळून ठेवलाय. काळजी नसावी.

एक सहज विचारतो. त्याच्या माहितीपुस्तकात मागच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा काही तपशील आहे का? असावा आपला माहितीसाठी.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया असू दे.

तुझा मंजू


सोलापूर, २६ नोव्हेंबर

चि. मंजुनाथ यास आशीर्वाद, तूर्त मोजकेच.

सहज? तीस वर्षं फोरमनकी केलेला माणूस हंगामाच्या धांदलीत सहज ट्रान्सफॉर्मरचा तपशील मागतो? लहानपणी दही सांडलंस की तू आधी मांजराची तब्येत विचारायचास. तू बदललेला नाहीस.

अँप सुरू होतो की नाही? नसेल, तर कुणी काय केलं? श्रीदेवीच्या आड लपू नकोस. पोरगी माझा फोन घेत नाही, म्हणजे तिलाही तू गप्प बसवलंयस. मेळाव्याला पंचवीस दिवस उरलेत. माहितीपुस्तक माझ्या कपाटात आहे आणि खरं उत्तर येईपर्यंत तिथंच राहील.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

शिवलीला


श्रीपूर, ३० नोव्हेंबर

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

मीच जाळला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. टेम्पोत धक्के बसले असतील, आधी तपासून घेऊ म्हटलं. कारखान्यात दुरुस्त होऊन आलेली मोटर आम्ही आधी बिनलोडची, पुढे काही न जोडता, फिरवतो, मगच तिला काम देतो. तीस वर्षांची सवय. म्हणून स्पीकरची वायर काढली, आवाज पूर्ण वाढवला आणि श्रीदेवीला तारा छेडायला लावल्या. ती सांगत होती की आत्यानं वायर काढायची नाही म्हणून बजावलंय. मी म्हटलं, तुझ्या आत्यानं फोन जोडले, मी मोटरी जोडतो. अर्ध्या मिनिटात जळका वास आला.

मोटरला बिनलोडचं बरं असतं, आणि याला स्पीकर नसला की ट्रान्सफॉर्मर आतल्या आत फुटतो, हे मला चिंचोळी एमआयडीसीतल्या गुरुशांतनं सांगितलं. तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. म्हणाला, लई बेकार जळालंय की हो, वेढे मोजून द्या, गुंडाळतो, पण आवाज तोच येईल असं मी म्हणणार न्हाय. रजा टाकून दोन दिवस जळकी तार उलगडतोय. मध्येच तुटते, आकडा जुळत नाही.

माहितीपुस्तक दे. शिक्षा नंतर दे.

मंजू


सोलापूर, ३ डिसेंबर

चि. मंजुनाथ,

पुस्तक सोबत आहे. गुरुशांतला तेलकट हातांनी पानं उलटू देऊ नकोस.

ट्रान्सफॉर्मर जळाला हे मी समजू शकते. महिनाभर गप्प बसून मग व्यवस्थित आहे असं लिहिलंस, ते समजू शकत नाही. आणि श्रीदेवीचं बरोबर होतं. हे तिला मी सांगणार नाही. तू सांगायचंस, जेवताना, सगळ्यांसमोर.

शिवलीला


सोलापूर, १७ डिसेंबर

चि. मंजुनाथ,

हे शेजारच्या जोतिरामच्या हाती देते, तो उद्या तिकडे येतोय.

काल अँप दारात ठेवून तू चहाही न घेता पळालास. गुरुशांतकडे वाजला म्हणतोस, मग मला वाजवून का दाखवला नाहीस? कालपासून मी त्याच्यासमोर बसते, हात बटणापर्यंत नेते आणि मागे घेते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याची भीती वाटते. ही भीती तू माझ्या घरात आणून ठेवलीस. रविवारी मला सगळ्यांसमोर वाजवायचंय.

शनिवारी लेकीला घेऊन ये. स्पीकर तू जोड, बटण तू दाब. जळायचा असेल तर आपल्या दोघांसमोर जळू दे.

शिवलीला


सोलापूर, २३ डिसेंबर

चि. मंजूस अक्काचे आशीर्वाद.

रविवारी तू मागच्या रांगेत, दाराजवळ बसला होतास. तिथून काय ऐकू आलं असेल कोण जाणे, म्हणून लिहिते. स्वच्छ आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, जरा जड झालाय. पहिलं गाणं मी त्याच्याशी भांडत वाजवलं. दुसऱ्यात लक्षात आलं की माझी बोटंही जड झालीत, मग आमचं जमलं. तिसऱ्याला करंगळी आखडली. ते मला कळलं आणि श्रीदेवीला. बायका रडल्या, पण त्या शाळेची घंटा ऐकूनही रडत होत्या.

माझं वाजवणं झालं. अँप आता तुमच्याकडे राहील. वाजवेल श्रीदेवी, पण ताबा तुझा. ती हुशार आहे आणि हुशार माणसं पुन्हा तपासत नाहीत. तू शनिवारी स्पीकरची वायर चार वेळा ओढून पाहिलीस आणि बटण दाबताना डोळे मिटलेस. त्याला इतकं घाबरणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही.

संक्रांतीनंतर घेऊन जा. टेम्पोवाला हळू चालवणारा बघ.

राग अजून आहे. लोभही आहे.

तुझी अक्का