कबुतरखान्याबद्दल माफी मागण्यास नकार

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
मार्गदर्शक परवाना कक्ष,
गिझा पठार.

अर्जदार : इन्शिराह अब्दुत्तव्वाब, राहणार नझला, उंटवाल्यांची आळी.

विषय : स्थगित केलेला परवाना माफीनामा न देता परत मिळणेबाबत, तसेच मोठा पिरॅमिड हा कबुतरखाना नव्हता याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची नोटीस. २) आपले शिपाई अब्दुल गव्वाद यांनी जिन्यात दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

१. सदर अर्जदार ही या पठारावर परवानाधारक मार्गदर्शक असून तिच्या कामाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. पिण्याचे पाणी सोबत न आणल्याची एक तक्रार होती, परंतु ती रमजानमधली असल्याने धरण्यात येऊ नये.

२. तक्रारदार श्री. लिंडक्विस्ट हे परदेशातील एका मंडळाचे प्रमुख आहेत. मोठा पिरॅमिड म्हणजे आकाशातील शक्तींना निरोप धाडण्यासाठी बांधलेला कबुतरखाना होय, असे या मंडळाचे मत आहे. आतल्या खोलीतून वर गेलेली दोन अरुंद भोके ही कबुतरांची ये-जा करण्याची वाट, असा पुरावाही ते देतात. घटनेच्या दिवशी मंडळातील सर्व स्त्री-पुरुष त्या खोलीत गोल उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि 'घुटर्र घूं, घुटर्र घूं' असा आवाज काढण्यास सुरुवात केली. त्या वेळी अर्जदार हसली. नोटिशीत 'हसली' एवढेच लिहिले आहे, ते अपुरे आहे. अर्जदार भिंतीला टेकून पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. त्यांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "ही कबर आहे हो! माणूस पुरला होता इथे!" हे वाक्य अर्जदारास मान्य आहे.

३. हसण्याचे कारण नोंदवून घ्यावे. ही कबुतरखान्याची गोष्ट मुळात अर्जदाराचे काका हाज्ज मितवल्ली यांनी काढली. काकांनी जन्मभर उंट हाकले. पिरॅमिड कशासाठी बांधला, याची त्यांच्याकडे हवी तेवढी उत्तरे असत. ते अर्जदारास म्हणत, "अगं पोरी, गिऱ्हाईक बघून माल दाखवायचा. इंजिनिअर आला की वीजघर, शेतकरी आला की धान्याचं कोठार, डॉक्टर आला की गुडघेदुखीचा दवाखाना. कबर म्हटलं की तोंडं पाडून बसतात मेले." फार वर्षांपूर्वी त्यांच्या उंटावर एक गोरा बसला होता. त्याला वीजघर चालेना, कोठार चालेना, ताऱ्यांचा नकाशाही चालेना. दुपार टळली होती, काका उपाशी होते, आणि घरी नफीसाकाकूंनी भात भरून कबुतरे शिजवली होती. काकांच्या तोंडून 'कबुतरखाना' निघून गेले. तो गोरा म्हणजेच श्री. लिंडक्विस्ट. त्यांच्या माहितीपत्रकात हे ज्ञान 'वाळवंटातील एका ज्ञानी वृद्धाकडून' मिळाल्याचे छापले आहे. वृद्ध तेव्हा तिशीतही नव्हते.

४. काका गेल्या महिन्यात वारले. दफनाच्या दिवशी अर्जदाराच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. ते त्या खोलीत आले, त्याला अर्जदाराचा इलाज नव्हता.

५. अर्जदार नोटीस घेण्यास आली असता शिपाई अब्दुल गव्वाद यांनी तिला जिन्यात गाठून सांगितले, "सही करून टाका हो बाई! कबुतरखाना म्हणा, नाहीतर कोंबड्यांचं खुराडं म्हणा, आपल्या बापाचं काय जातं?" ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्यावर कारवाई होऊ नये. परवाना गेला तर अर्जदाराच्या घरची चूल बंद पडेल, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि अर्जदारासही. तरीही सही होणार नाही.

६. आपल्या कक्षाने दिलेल्या माफीनाम्याच्या नमुन्यात असे वाक्य आहे की, 'एका मृत माणसासाठी एवढा दगड रचला जाणे अशक्य, या पाहुण्यांच्या मताचा मी आदर करते.' महोदय, अशक्य कसे? काकांच्या घराला गळका पत्रा होता. पावसाच्या चार सरी आल्या तरी काकू घरभर पातेली मांडत फिरत. त्याच काकांनी आयुष्यभराची कमाई स्वतःच्या कबरीत घातली. चुनखडीचा घडीव दगड, वर पक्के छत, बायकांना बसायला ओटा. काकू भांडायच्या, "जिवंतपणी डोक्यावर गळतंय आणि मेल्यावर हे छप्पर कशाला?" त्यावर काका म्हणत, "इथे किती दिवस राहायचंय? मुक्काम तिकडे आहे."

जगाला वीजघरे आणि कबुतरखाने वाटत सुटलेल्या माणसाने स्वतःसाठी मात्र कबर बांधली. त्याला विचारा, पिरॅमिड कशासाठी. आता इथून पुढे 'अर्जदार' लिहिणे मला जमत नाही. मी लिहिते. आमची माणसे मेली की आम्ही रडतो, आणि रडून झाले की दगड आणतो. पाहुण्यांना हे पटत नसेल तर त्यांनी आपल्या देशात काहीही म्हणावे. मी त्याबद्दल माफी मागणार नाही, परवान्यासाठी नाही आणि भाकरीसाठीही नाही.

७. आपल्या मातोश्रींची कबर आमच्याच कब्रस्तानात, काकांच्या पलीकडच्या ओळीत आहे. संगमरवर सुरेख आहे. गेल्या ईदला आपण तिथे चटई टाकून दुपारपर्यंत बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खजूर देत होता, मलाही दिलात. त्या दिवशी कुणी येऊन ही इमारत कशाची, असे आपणास विचारले नाही. विचारले असते तर आपणही हसला असता, किंवा रडला असता.

८. सबब विनंती की माझा परवाना परत देण्यात यावा. उद्या गुरुवारी आपण मला सहीसाठी बोलावले आहे. उद्या काकांना जाऊन चाळीस दिवस होतात, त्यांचा चाळिसावा असल्याने मी कक्षात हजर राहणार नाही. माझ्याकडे काही काम निघाल्यास मी कबरीपाशी ओट्यावर सापडेन. आपणास वाट माहीत आहे.

काकांची पुतणी आणि आपली, तूर्त परवाना नसलेली,
इन्शिराह अब्दुत्तव्वाब
(सही)

बुधवार, चाळिसाव्याचा आदला दिवस.

सोबत :
१) माफीनाम्याचा छापील नमुना, कोरा.
२) मंडळाचे माहितीपत्रक, ज्ञानी वृद्धाच्या चित्रासह. (काकांना दाढी नव्हती.)
३) कुर्स एक. नफीसाकाकूंनी मेलेल्याच्या नावाने वाटण्यासाठी आज भाजलेल्या रोट्यांपैकी. आपण खावा आणि हाज्ज मितवल्ली यांच्यासाठी फातिहा म्हणावी. कबुतरांना घालू नये.