नाक एकीकडे, वाट एकीकडे

नागपूर, ७ मार्च १९६६

ती. बाबांस, विनताचा सप्रेम जयभीम.

विमानाचं नाक कुठे आहे आणि विमान चाललंय कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे तोंडपाठ होतं, तरी काल फजिती झालीच. नागपूरहून जबलपूर गाठायची परीक्षा होती. वारा पश्चिमेचा, उजवीकडे ढकलणारा. म्हणून नाक जबलपूरच्या बरंच डावीकडे धरायचं ठरलं होतं. पण बाबा, घर उजव्या हाताला आणि मी तोंड फिरवून चालले, हे मनाला पटेना. हळूच नाक सरळ घराकडे केलं. विमान शिकवणारे मास्तर मागे बसून नुसते पाहत होते. वाहत वाहत जबलपूर सोडून पार उजवीकडे, मंडल्याच्या बाजूला पोचलो! खाली नर्मदा होती, पण आपला ग्वारीघाट कुठेच नाही. मास्तर म्हणाले, सत्तावीस तारखेला शेवटची संधी. पुन्हा चुकलीस तर लायसन्स विसर. फार भीती वाटते.

तुमची, विनू

जबलपूर, १४ मार्च

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

घराची एवढी ओढ, आणि पत्र मात्र महिन्यातून एक! असो.

आपले ग्वारीघाटाचे रविवार आठव. तू नि तुझी आई नावेनं पलीकडे जाऊन बसायच्या, मी मागून पोहत यायचो. तुमच्यासमोर निघायचं तर तोंड पार वरच्या अंगाला धरावं लागे. बाकीचं काम प्रवाह करी. तुझी आई काठावरून ओरडायची, की अहो, तिकडे काहून जाऊन राहिले, आम्ही इकडे आहो! मी बरोबर तिच्या पायाशी निघायचो. वर तीच रागवायची, की मुद्दाम छळता. ती गेल्यापासून घाटावर पाय वळला नाही.

वाऱ्याला नदी समज. तब्येत सांभाळ.

तुझा, बाबा

नागपूर, २० मार्च

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून हसले, मग रडलेही. येत्या रविवारी, सत्तावीसला सकाळी, परीक्षेचं विमान उतरेल तेव्हा डुमन्याच्या विमानतळावर या. तुमची माया आहेच, तेवढा धीरही द्या.

विनू

जबलपूर, २८ मार्च

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

पास झालीस! मास्तरांनी कुंपणापाशी येऊन सांगितलं. पण तुम्ही लगेच परत निघालात, धड बोलणंही झालं नाही, म्हणून लिहितो.

विमान धावपट्टीकडे येताना दिसलं, तर नाक भलतीकडे! शेजारच्या इंदिराबाई सोबत होत्या, त्या शांत. आणि तुला शहाणपण शिकवणारा मी कुंपण धरून ओरडत होतो, की अगं विनू, इकडे, इकडे ये! टेकता टेकता नाक सरळ झालं, तेव्हा कुठे कुंपण सोडलं.

तुझी आई दर रविवारी काठावर काय सोसायची, ते काल कळलं. मी मात्र हसत बाहेर निघायचो.

नागपूरला सुखरूप उतरलीस ना? दोन ओळी टाक.

तुझा, बाबा