हळद, नीळ अन् रुखमाची नथ

माघ शु. १०, मंगळवार
रुखमा अजून वडनेरलेच, माहेरी. संक्रांतीत तिचं सासरचं पयलं हळदीकुंकू. म्या हळदीत नीळ मिसळली. साऱ्या बायकाइचे गाल हिरवे. मले वाटलं, बायको हासंन. दुसऱ्याच दिवशी भावासंगं गेली.
आज कापूस घेणारा जपानी साहेब आमची कापडाची छपाई पाह्याले आला. पेटीतून कागदावरची बाई काढली. पावसात, छत्री घेऊन. हेबी लाकडावर कोरूनच छापलेलं म्हणे. बुढ्यानं नाक टेकवून पाह्यलं. केस न् केस वेगळा. म्हणे, "आपण बाप-लेक त बे आजवर नुसते फुलंच ठोकत आलो."
छत्री हिरवी. साहेब म्हणे, पयले पिवळा छापा, त्याच्यावरच निळा. म्या बुढ्याकडं पाह्यलंच नाई.

शु. १४, शनवार
रुखमा कोरून राह्यलो, सागवानावर. रेघाइचा एक ठसा, रंगाले दोन. साहेब दाखवते. आपण ठसा कापडावर ठोकतो, त्याइच्यात कागदच ठशावर निजवतात अन् पाठीवरून गोल गादीनं घासतात. लेकरू थोपटल्यावाणी. कोपऱ्यात खाच. कागद तिथंच टेकला पाह्यजे, नाई त रंग लुगड्याबाहेर.
बुढा: "एवढी मेहनत काऊन? माफी मागून टाक ना बे."
माफी मागतानी मले हासू येते, काय करू.

व. ५, शुक्रवार
छापलं. लुगडं हिरवंगार. कागद उचलला अन्... नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. जशी दिसते तशी कोरली, छापतानी पलटली. आपल्या फुलाइले उलटं-सुलटं सारखंच, ध्यानातच नाई आलं. बुढ्याच्याबी नाई. तो खोकलल्यावाणी हासला.
साळा गणपत बाजाराले आला होता. "द्या भाऊजी, तसंच नेतो." देल्लं.

व. ८, सोमवार
गणपत आला. म्हणे, ताईनं कागद आरशासमोर धरला. तिथं सुलटी दिसली. लय वेळ पाह्यत होती. निरोप: "त्याइले म्हणा, गालावरचं गोंदण खाऊन टाकलं का? ते काढा, मंग पाह्यू."
मंग पाह्यू म्हणजे हाव का नाई, बुढ्याले इचारलं. म्हणे, "तुही माय मले अजून तसंच म्हणते."
नवी फळी घेतली. उलटं काढाले बसलो त गोंदण डाव्या गालावर का उजव्या, आठवेचना. ठशापायी डोक्यातबी पलटलं. गणपतले इचारता येते. नाई इचारत.
उद्या वडनेरले जातो. दार लावून घ्याच्या आंधी एक गाल त दिसंन.