शॉर्टस्टॉपच्या नावावरच्या चुका

अण्णा,

रविवारी सकाळी सांगलीच्या त्या मैदानावर पाणी मारून झालेलं असायचं. तुम्ही घडीच्या स्टुलावर, मी खाली सतरंजीच्या तुकड्यावर आणि आपल्या दोघांच्या मध्ये शेंगदाण्यांची पुडी. जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड तुमच्याकडे होती. आठवडाभर बांधकाम खात्यात नकाशे बघायचात आणि रविवारी मुलामुलींचे पाय. नजर हलवायची नाही म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं अक्षर तुम्हाला आवडायचं, एवढं एकच त्या शाळेतलं आवडायचं. बाकी सगळे लोक पळणाऱ्याकडे बघत. तुम्ही बघायचात पाटीवर बसलेल्या, खो न मिळालेल्या मुलाकडे. "खेळ त्याच्याकडे नाही तेव्हा तो काय करतो ते लिही." एकदा मी कंटाळून एका मुलापुढे नुसतं 'चांगला' लिहिलं, तर तुम्ही वही हातातून काढून घेतलीत. "चांगला हे मत झालं. मत मागाहून. आधी काय दिसलं ते लिही." तो 'चांगला' शब्द मी शंभरदा तरी खोडला असेल, पुढच्या आयुष्यात, दुसऱ्या वह्यांमध्ये.

तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि हे आज लिहायचं कारण तुमचा पणतू. तो बेसबॉल खेळतो. मी दोन हजार अकरा साली मुलाकडे राहायला न्यूझीलंडला आले, ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुऱ्याला, तेव्हा नातू प्राथमिक शाळेत होता. मुलाने त्याला क्रिकेटची बॅट आणून दिली होती. ती गॅरेजमध्ये उभी राहिली आणि हा शेजारच्या पोरांबरोबर ग्लव्ह घालून भिंतीवर चेंडू मारत बसला. हायस्कूलला गेल्यावर संघात घेतला गेला तो शॉर्टस्टॉप म्हणून. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. बॅटरने मारलेले सगळ्यात वेगवान, सगळ्यात वेडेवाकडे उसळणारे चेंडू इकडेच येतात. ते अडवायचे, आणि बॅटर धावत पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिकडे फेकायचे. अण्णा, एक श्वास घेता येतो, दुसरा नाही. पहिल्या दिवशी पाहिलं आणि मला आपली पाटी आठवली. गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून बसलेला आणि खो यायच्या आधीच उठलेला मुलगा.

संघाचे प्रशिक्षक एक धिप्पाड माओरी गृहस्थ. स्कोअर लिहायला कुणी आईबाप तयार नसत. मी दर शनिवारी खुर्ची, टोपी आणि थर्मास घेऊन येते हे बघून ते माओरी नमस्कार करत म्हणाले, "किया ओरा, आंटी. लिहिता येतं का?"

"तेवढंच येतं," मी म्हणाले.

"स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर जाडजूड वही ठेवली. पुढची चार वर्षं ती उतरली नाही.

त्या वहीत प्रत्येक चेंडूचं काय झालं ते चौकटीत भरायचं असतं. बॅटर बेसवर पोचला तर तो त्याच्या फटक्यामुळे पोचला, म्हणजे हिट, की अडवणाऱ्याच्या चुकीमुळे, म्हणजे एरर, हे स्कोअररने ठरवायचं. साध्या प्रयत्नात अडवता आला असता तर चूक, नाहीतर हिट. दुसरं कुणी ठरवत नाही. आणि इथे तुम्ही मध्ये आलात.

नववीत असताना मी स्वतः निवडीला उतरले होते, आठवतं? माझ्या पाळीलाही वही माझ्याच हातात दिलीत, मी धापा टाकत येऊन बसले आणि तुम्ही शांतपणे सांगितलंत, "लिही. उठायला उशीर." मी लिहिलं. संघात नाव आलं नाही. घरी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. भाकरी परतून ती म्हणाली, "तिचा उशीर मला नाही दिसला हो." तुम्ही पाटावर बसून म्हणालात, "घरचं माणूस असलं की एक पायरी खाली लिहायचं. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही."  पुढची भाकरी तुमच्या ताटात जरा जोरातच पडली.

मी तुमची मुलगी. नातवाच्या बाबतीत मी चार वर्षं एक पायरी खाली लिहिलं. तिसऱ्या बेसकडे, अगदी खोल कोपऱ्यात जाणारा चेंडू, दुसऱ्या संघाचा शॉर्टस्टॉप त्याच्याकडे नुसती मान वळवून बघतो, तो हिट. तसाच चेंडू आमच्या पोराने झेप घेऊन ग्लव्हच्या टोकाने गाठला आणि निसटला, की मी लिहायची एरर. पहिल्या उन्हाळ्यात तो खेळ संपल्यावर वहीत डोकवायचा. "आजी, कम ऑन. दॅट वॉज अ हिट." मी म्हणायची, "हात लागला होता ना? मग." दुसऱ्या उन्हाळ्यात तो फक्त बघायचा. तिसऱ्यात त्याने बघणं सोडलं. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवायचा आणि सरळ गाडीकडे. मला वाटायचं, मोठा झाला, समजूतदार झाला.

समासात मात्र मी तुमच्यासारखं लिहीत राहिले, मराठीत. जे दिसलं ते. आणि काय काय दिसत होतं, अण्णा. पहिल्या वर्षी तो चेंडूची वाट बघायचा. दुसऱ्या वर्षी बॅटरच्या पायांकडे बघून अर्धं पाऊल आधीच सरकायला लागला. तिसऱ्या वर्षी चेंडू दुसऱ्याच कुणाकडे गेला तरी हा धावतच असायचा, कुणाची फेक चुकली तर मागे कुणीतरी असावं म्हणून. माझ्या हातातलं पेन थांबायचं नाही. मुलगा विचारायचा, "आई, एवढं काय लिहितेस, कादंबरी?"

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत, शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एका कॉलेजसाठी खेळाडू शोधत फिरणारा माणूस आला. उन्हाने भाजलेलं नाक, भाड्याची गाडी, सगळ्यांना सर आणि मॅम. ओळीने काही सामने तो तारेच्या कुंपणाशी उभा राहून बघून गेला होता. त्या शनिवारी सामना संपल्यावर तो आणि प्रशिक्षक माझ्या खुर्चीशी आले. वही मागून घेऊन त्याने पानं उलटली, खिशातली स्वतःची डायरी काढली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या.

"एक विचारू का?" तो प्रशिक्षकांना म्हणाला. "तुमच्या स्कोअररचं या पोराशी काही वैर आहे का?"

प्रशिक्षक इतके हसले की त्यांना कुंपण धरावं लागलं. "वैर? मेट, ती त्याची आजी आहे."

तो माणूस हसला नाही. माझ्यापुढे उकिडवा बसला, लहान मुलाशी बोलताना बसतात तसा. "मॅम, मी पाहिलेल्या सामन्यांत हे तीन चेंडू कुणालाच अडवता आले नसते. माझ्याकडे ते हिट आहेत. तुमच्याकडे चूक. का?"

मी त्याला तुमची पायरी सांगितली. इंग्रजीत सांगताना ती मलाच विचित्र वाटली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी त्याला पाहिलंय. पण त्याला घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस इथे येणार नाही. तो फक्त आकडे बघणार. या आकड्यांवर तो पुढचं पान उलटायचाही नाही."

ग्लव्ह काखेत धरून नातू मागेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो जमिनीकडे बघत होता, अंगवळणी पडल्यासारखा.

"हे कडेला काय लिहिलंय?" त्या माणसाने समासावर बोट ठेवलं.

मी वाचून, अर्थ सांगून दाखवायला लागले. बॅटरने पाय उघडला, हा दोन पावलं डावीकडे. चेंडू आलाच नाही, तरी फेकीच्या मागे धावला. आज प्रथमच उजव्या पायावर वळून फेकला, फेक छातीच्या उंचीवर. तो माणूस उकिडवाच, डायरीत भराभर उतरवून घेतोय. प्रशिक्षक वाकून ऐकतायत. चार वर्षांत पहिल्यांदाच माझा नातू ऐकत होता, मी त्याच्याबद्दल काय लिहिते ते. "हीप्स ऑफ दॅट, आजी? एवढं सगळं?" त्याने हळूच विचारलं. मी म्हणाले, "चार वह्या."

ठरलं असं, की पुढच्या शनिवारपर्यंत मी चारही वर्षांचा हिशेब नियमाप्रमाणे पुन्हा करायचा आणि स्वच्छ प्रत समासासकट इंग्रजीत त्याला द्यायची. मी प्रशिक्षकांना म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, माझा आता काय भरवसा. ते म्हणाले, "आंटी, चेंडू कुठे पडला ते फक्त तुम्ही लिहिलंय."

तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या आठवड्यांपैकी एक. नातू शाळेतून आला की कोपऱ्यावरच्या डेअरीतून, इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, आणलेलं चिप्सचं पाकीट फोडून आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. मी समास वाचायची, तो डोळे मिटून ते आठवायचा आणि मग खुर्ची मागे सारून स्वयंपाकघराच्या फरशीवर करून दाखवायचा. फ्रीज म्हणजे तिसरा बेस, सिंक म्हणजे पहिला. सून कुकर घेऊन मधून जायला बघायची आणि म्हणायची, "मला एकदा सांगा, मी आउट की सेफ?" पानापानावर तो उंच होत गेला, पाऊल लांब होत गेलं, आणि मला ते सगळं एका आठवड्यात परत बघायला मिळालं. एका चुकीमागून एक चूक मी हिट करत होते आणि दर वेळी माझा हात हलका होत होता.

पण तो सगळ्याच घेत नव्हता. "नो आजी. दॅट वन वॉज मी. मी लेझी होतो." मी म्हणायची, चेंडू उसळला होता, इथे लिहिलंय. "उसळला, पण आय हॅड इट." काही चुका त्याने अशा परत मागून घेतल्या. शेवटच्या वहीतल्या एका चेंडूवरून तर आमचं चांगलंच वाजलं. संघ तो सामना त्याच चेंडूवर हरला होता. मी समास दोनदा वाचला, मला तो हिटच दिसत होता. शेवटी त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि चौकटीत स्वतः लिहिलं, एरर. "तू खरं लिहितेस म्हणून तो माणूस ऐकून घेतोय," तो म्हणाला, आणि तेही मराठीत.

शनिवारी प्रत दिली. जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं, त्याला घेतल्याचं. शाळा संपवून गेल्या वर्षी ऑगस्टला तो अमेरिकेला गेला. तिथे त्याच्याआधी दोन शॉर्टस्टॉप रांगेत आहेत, तेव्हा बहुतेक वेळ बाकावर असतो. पण सामने फोनवर दिसतात, इथे तेव्हा सकाळ असते, मी चहा घेऊन बसते आणि बाकावर बसलेला तो काय करतो ते बघते. गेल्या आठवड्यात त्याला शेवटचे दोन डाव दिले. दुसऱ्याच चेंडूला तो हलला होता, बॅट लागायच्या आधी, अण्णा, आधी. मी उठून उभी राहिले, चहा सांडला, मुलगा जिन्यावरून धावत आला. मी म्हणाले, काही नाही, तुझा मुलगा वेळेवर उठला.

तुम्ही मला एक पायरी खाली लिहिलंत त्याचा राग मी बरीच वर्षं सांभाळला. आता नाही. माझाही हात तसाच चालला, आणि मला तो प्रेमाचा वाटत होता. पण पायरी खोटी होती. हे तुम्हाला समोर सांगायची माझी हिंमत कधीच झाली नसती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वह्यांच्या खोक्यातच राहील. तेव्हा माझ्यामागे जो कुणी ते उघडेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. पहिल्या तीन वह्या प्रशिक्षकांना द्याव्या. या वर्षी त्यांच्याकडे शॉर्टस्टॉपला एक मुलगी आलीय, तिला दाखवायला उपयोगी पडतील. समासांचं इंग्रजी केलेले कागद त्यातच आहेत. खुर्ची आणि थर्मास जी कुणी नवी स्कोअरर असेल तिला. टेबलावरचा भिंगाचा दिवा सुनेला, तो तिचाच आहे, मी परत केला नाही.

चौथी वही आणि दिलेल्या प्रतीची झेरॉक्स, दोन्ही एकत्र बांधून नातवाला द्यावी. ज्यावरून आमचं वाजलं त्या एका चेंडूपुढे वहीत त्याच्या अक्षरात एरर आहे. प्रतीत मी हिट लिहिलं. शुक्रवारी तो झोपल्यावर लिहिलं, एकदाही न खोडता. तो दोन्ही पानं ताडून बघेल, मला माहीत आहे. तोपर्यंत मी त्याच्याशी वाद घालायला नसेन.