चौदा तारीख

११ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! ताईने ही वही दिली आणि बजावलं, फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, रोज चार ओळी लिही, आलास की वाचीन. घे, लिहितोय. शाळा आठवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस.

खोली झकास. वरचा मजला, रस्त्याकडे मोठी खिडकी, समोर शिंप्याचं दुकान. घर एका आजी-आजोबांचं, दोघंच असतात. भाडं नको म्हणाले, फक्त घरातला कॉम्प्युटर सुरू होत नाही, तेवढा करून दे. माझा तर धंदाच तो. उद्यापासून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. अठराच्या संध्याकाळी घरी निघणार, दुकानाच्या मालकाशी आधीच बोललोय. वीसला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. एक डोळा गेलाच, दुसरा वाचवायचा. तिच्यासाठी काळा चष्मा घेतलाय. घातला की नटी दिसेल आमची आई.

१२ तारीख, मंगळवार

मालक तोंडाचा फाटका. चारचौघांत मला इंजिनियर म्हणतो, गिऱ्हाईकं फिदीफिदी हसतात. दात आवळून स्क्रू पिळत बसलो.

घरी येऊन मशीन उघडलं. बटण दाबलं की पंखा फिरतो, तीनदा पीं वाजतं, स्क्रीन काळी. आत धुळीची गोधडी. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. पीं बंद. आता पहिली स्क्रीन येते, तारीख विचारते आणि ठप्प. घड्याळाचा सेल मेलाय. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा असतो, पण तो मेला की मशीनला आज कोणता दिवस तेच कळत नाही.

१३ तारीख, बुधवार

दुकानातून नवा सेल आणून घातला. आजोबा मागे उभे. म्हणाले, बाकी काय हवं ते कर, तारीख मात्र मी सांगतो तीच टाक. नऊ वर्षांपूर्वीची! मी हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी संध्याकाळी येते म्हणून बाहेर पडली, ती आलीच नाही. तेव्हापासून मशीन बंद पडेपर्यंत रोज सकाळी ते हाताने तीच तारीख टाकत आलेत. आजी आतून म्हणाली, दिवस संपलाच नाही तर संध्याकाळ अजून व्हायची आहे ना रे. टेबलावर मुलीचं ताट मांडलेलं असतं.

टाकली बाबा ती तारीख. मशीन लटकलं. सात वेळा टाकली, सात वेळा लटकलं. जुन्या तारखेला ते पुढे सरकतच नाही आणि म्हातारा ऐकत नाही. काम मला कळतं की याला?

१४ तारीख, गुरुवार

डोकं फिरलंय. मालक म्हणाला, राहतोस त्या घरचं एक मशीन तीन दिवसांत उठत नाही, त्या इंजिनियरला सुट्टी कसली? आईचं ऑपरेशन आहे म्हटलं. तर म्हणे, डोळा तिचा कापणार, तुझं तिथे काय काम! हातात स्क्रूड्रायव्हर होता. खाली ठेवला, नशीब त्याचं.

दुपारी तसाच घरी आलो. आजोबा गॅलरीत होते. आजची तारीख ठोकली, चौदा. मशीन फटकन उघडलं! हाक मारून दाखवलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, संध्याकाळी येणार होती ती, तू तिचा दिवस संपवलास. आजीने ते ताट उचलून माझ्या जागेवर ठेवलं.

१४ तारीख

उठलो तर फोनवर परत चौदाच. बिघडला असेल म्हणून तसाच दुकानात गेलो. मालक अंगावर धावून आला, पाच दिवस कुठे मेला होतास म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकोणीस!

तिथूनच ताईला फोन लावला. ती भांडत होती की रडत होती कळेना. आई हटून बसलीय, माझा लेक आल्याशिवाय मी टेबलावर झोपायची नाही. डॉक्टर म्हणतात उद्याचं चुकलं तर डोळा गेला. निघालोच म्हटलं. फक्त बॅग आणि तो चष्मा घ्यायला घरी शिरलो —

गाढव आहे मी. गाढव! आता आतून दार उघडत नाही. ना कडी ना कुलूप, तरी उघडत नाही. फोनही लागत नाही.

१४

सेल उपसला. वायर उपटली. स्क्रीन चालूच. वीस टाकतो, चौदा होते. वीस. चौदा. वीस. चौदा.

म्हाताऱ्याची कॉलर धरली. तो म्हणाला, आमची गेली, आता तू तरी घरात राहा. आजी विचारते, वाढू का?

१४

मशीन आपटलं. चुरा केला. चुऱ्यात पंखा फिरतोय. स्टूल मोडलं, खिडकीची काच फुटत नाही. ओरडलो, रस्त्यावर कुणी वर बघत नाही. समोरचा शिंपी सकाळी काळ्या केसांचा होता. आता त्याच्या मशीनवर दुसराच कुणी —

१४

चष्मा खिशात आहे. चौदाच आहे ना अजून. म्हणजे वीस यायची आहे. म्हणजे आईचं अजून —

हे मी बोलतोय? म्हातारीसारखं?

१४

खाली ताई! केस पांढरे. एका हातात पत्त्याचा कागद. दुसऱ्या हाताने आईला धरलंय. आई पायाने रस्ता चाचपत —

दोन्ही मुठी काचेवर आपटल्या.

ताई मान हलवते, आईला ओढते. आई हलत नाही. तिला ऐकू आलं! तोंड वर केलं तिने, बरोबर माझ्याकडे, डोळे उघडे, दोन्ही पांढरे — आई, वर, इथे, मी इ