खारूताईच्या बागेतला झोपाळा

२ मार्च, सोमवार
आजपासून फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. निश्चय पक्का. चार्जर या खोलीत आहे, म्हणून सध्या फोन इथेच.

ही काल माहेरी गेली. कारण म्हणावं तर काहीच नाही. किल्ली विसरून बाजारात गेली होती, परत येऊन बेल वाजवत होती. मी बागेच्या गेममध्ये होतो, फेरी संपतच आली होती. 'आलो, आलो' असं ओरडलोही. दार उघडलं तर बाहेर दोन पिशव्या होत्या, ही नव्हती. एकीतलं दूध सांडलेलं. ते पुसलंही मीच.

राग नेहमीच नाकाच्या शेंड्यावर. दोन दिवसांत येईल.

५ मार्च
आली नाही. फोन करावा का? नको. आपण फोन केला की चूक आपली ठरते.

गेममध्ये मात्र हिचं नाव दिसलं, खारूताई. दोघांची टीम मीच करून दिली होती. ऑनलाइन होती, म्हणजे तिलाही करमत नाही. टीममेटला रोज तीन हार्ट्स फुकट पाठवता येतात. पाठवले. हिने लगेच घेतले. आम्हा नवराबायकोला शब्द लागतच नाहीत.

९ मार्च
नवा सीझन. बक्षिसांच्या दोन रांगा. खालची फुकट : बिया, झारी, गांडूळखत. वरची पेड, सोनेरी कुलूप लावलेली, पैसे भरून पास घेतला तरच उघडणारी. वरच्या रांगेत सगळ्यात शेवटी दोघांचा झोपाळा. आपल्या बागेत लावला की टीममेटच्या बागेतही लागतो. तो पाहून ही विरघळेलच. पण पेड पास घेणार नाही, कानाला खडा. प्रेमाला पैसे लागत नाहीत. आज गांडूळखत पाठवलं.

१२ मार्च
खारूताई पहाटेच ऑनलाइन असते. ही आठच्या आत कधी उठल्याचं आठवत नाही. बिचारीची झोप उडालीय. शिवाय गुलाब उपटून सगळीकडे भोपळे लावलेत. हिला भोपळा डोळ्यांसमोर नको असतो. मन थाऱ्यावर नसलं की असं होतं.

१७ मार्च
लिफ्ट कंपनीत तक्रारींचे फोन घेणं हे माझं काम. कुणी अडकलं की म्हणायचं, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा चहा पीत असतो. आज एक आजोबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले आणि मी नेमका झारी अपग्रेड करत होतो. साहेबांनी पाहिलं. म्हणाले, बायकोशी बोलत असशील तर समजू शकतो. मी म्हटलं, तेच चाललंय साहेब. खोटं नाही बोललो.

धाकट्या मेव्हण्याचा मेसेज : ताईला एक फोन तरी करा. याला काय कळतंय? अजून लग्न व्हायचंय.

२१ मार्च
खारूताईच्या नावाभोवती सोनेरी चौकट. हिने पेड घेतला. भाजीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडणारी बाई! माझ्यासाठीच घेतला, दुसरं काय? आता मी मागे राहणं बरं दिसणार नाही. घेतला मीही. घेणार नाही म्हणालो होतो, पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

२८ मार्च
धुतलेले मोजे संपले. घर फार शांत आहे. हल्ली बेल वाजली की मी धावतच जातो. आज कुरिअरवाला दचकला.

हिची फार आठवण येते. फोन घेतला, हिचा नंबर काढला. तेवढ्यात दुप्पट पॉइंट्सचा तास सुरू झाला.

४ एप्रिल
झोपाळा मिळाला. लावला. तिकडे भोपळ्यांच्या मधोमध लागला. खारूताईने टाळ्या पाठवल्या. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. उद्या येणार. चादर बदलून ठेवली.

५ एप्रिल, संध्याकाळ
फोन आला. सासूबाईंचा. म्हणाल्या, जावईबापू, झोपाळा छानच आहे, पण माझे दोन भोपळे त्याच्याखाली गेले, जरा सरकवता येईल का?

खारूताई म्हणजे सासूबाई. ही माहेरी गेली त्या दिवशीच हिने आपलीच बाग त्यांच्या फोनवर चालू करून दिली आणि गेम स्वतःच्या फोनवरून काढून टाकला. पेड धाकट्याने घेऊन दिला, आईचा वाढदिवस म्हणून. महिनाभर मी सासूबाईंना हार्ट्स पाठवतोय.

ही कुठे आहे, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आधी आधी जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी ठेवायची. नंतर पर्समध्येच राहू द्यायला लागली. मागच्या आठवड्यात ऑफिसजवळ खोली घेतली, सामान नेलं.

मग मी फोन केला. हिने उचलला. चुकलो म्हटलं, दाराचं, दुधाचं, सगळं बोललो. गेम आत्ताच्या आत्ता डिलीट करतो म्हणालो. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ही शांतपणे म्हणाली, माझं एक काम करशील? म्हटलं, सांगशील ते.

म्हणाली, मी खोलीवर राहायला आल्यापासून आईचं मन त्या बागेतच रमतं. गेम डिलीट करू नकोस. तिचे हार्ट्स चुकवू नकोस.

बरं म्हणालो. हिने फोन ठेवला.

आजचे तीन पाठवले. सासूबाईंनी लगेच घेतले.