रोहिणीचं पाणी, दहिसरची लाइन

१९ मे २०२४

आई, दोन महिने तुझ्याशी बोललो नाही, माफ कर. आधी हे पूर्ण वाच, मग रागाव.

मी, सुयोग भीमराज मोहिते, वय ४६, राहणार दहिसर पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. दबाव नाही असं मात्र लिहिता येत नाही. आहे, गप्प राहण्याचा. काल विशालदादाने माझी डाव्या हाताची बोटं दारात चेचली. उजवा हात शाबूत आहे, म्हणून अक्षर माझंच.

१. राहती खोली आईच्या हयातीत आईची, नंतर दादाच्या मुलीची, प्रांजलची. दादाची नाही.

२. बँकेत असेल ते समोरच्या चाळीतल्या हर्षदला. मार्चमध्ये आमच्या सोसायटीने चाळीकडे जाणारी पाण्याची लाइन तोडायचं ठरवलं. सभेत मी एकटा उठून नाही म्हणालो. दादा ओरडला, "खाली बस रे, सिद्धार्थ गौतम!" सगळे हसले. लाइन तोडली. जाब विचारायला आलेल्या हर्षदला दादाने पाइपपान्ह्याने मारलं, पडल्यावरही मारत राहिला. जबडा फुटला, उजवा डोळा गेला. दात माझ्या चपलेपाशी पडले होते. पोलिसांच्या नोंदीत मारणारा अजून 'अज्ञात जमाव' आहे.

३. पुस्तकं विहाराला. आई, तू म्हणालीस, "चीवर घे रे बाबा. भिक्खूला कोण साक्षीला बोलावतंय? माझे दोन्ही पोरगे वाचतील." चीवर मला कधीपासून हवंच आहे, म्हणून तर स्वतःचा संशय येतो. हा शोध आहे की पळ? भंतेजी सांगतात, सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, रोगी, प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यासाठी त्याचे शाक्य शेजारच्या कोलियांवर चालून निघाले, तेव्हा तो भर सभेत नाही म्हणाला आणि शिक्षा म्हणून देशाबाहेर गेला. सभेत बोलून झालं. शिक्षा अजून घेतलेली नाही. ती घेतल्याशिवाय चीवर अंगावर चढवणं मला जमणार नाही.

४. बाबांची हत्यारांची पेटी हर्षदला. तोही प्लंबर आहे, एका डोळ्याने करील. पाइपपान्हा मात्र त्यात नाही. आई, तो तू तांदळाच्या डब्यात लपवलास, मला सापडला. धुवायला तुझा हात धजला नाही. केस अजून चिकटलेत.

५. दादाच्या हातून माझं बरंवाईट झालं, तर सुयोगच्या मनात राग नव्हता असं कोणी सांगू नये. होता. तरी खांदा त्यानेच द्यावा.

साक्षीदार : दीप्ती सकपाळ, शेजारीण. चंद्रप्रकाश तांबे, बोटांना पट्टी बांधणारे डॉक्टर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यासमोर.

सुयोग भीमराज मोहिते
दहिसर पूर्व

उद्या : पान्हा पोलीस ठाण्यात देणे.